निळा पडदा रोज येतोय, मदरबोर्ड बदलू का?

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: घरचा असेम्बल केलेला कॉम्प्युटर, आय थ्री दहावी जनरेशन, आधी ८ जीबी रॅम, दिवाळीत आणखी ८ जीबीची जुनी पट्टी टाकली. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) दिवसातून तीन-चार वेळा निळा पडदा येतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. दर वेळी मजकूर वेगळा. ओळखीच्या मेकॅनिकने दोनदा फॉरमॅट मारलं, फरक शून्य. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला. मुलीचा अभ्यास आणि दुकानाचा टॅलीचा हिशेब त्याच मशीनवर. बोर्ड बदलू का?

आज तरी बदलू नका. बोर्ड खराब असूही शकतो, नाही असं मी म्हणत नाही. पण ते ठरवण्याआधी ज्या गोष्टी तपासायच्या असतात, त्यातली एकही तपासलेली दिसत नाही. भुसावळला हे काम करत मला वीस-बावीस वर्षं झाली. निळ्या पडद्याची तक्रार घेऊन आलेल्या मशीनमध्ये खरोखर बोर्ड बदलावा लागला अशी फार थोडी आठवतात. त्यातही एकदा मी स्वतः घाईने बोर्ड बदलायला लावला आणि दोष निघाला मागे खोचलेल्या स्वस्तातल्या वायफाय डोंगलचा. त्या गिऱ्हाइकाला पैसे परत करताना जे शिकलो, तेच इथे लिहितोय.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: आखाजीला बहिणी माहेरी आल्या म्हणून कॉम्प्युटर मधल्या खोलीतून उचलून कूलरच्या खोलीत ठेवला. बस, इथूनच सुरुवात करायची. मशीन हललं, म्हणजे आतल्या पट्ट्या ढिल्या झाल्या असतील. जागा बदलली, म्हणजे वीज दुसऱ्या बोर्डातून मिळतेय. शेजारी कूलर आला, म्हणजे मोटरचा झटका आला, ओल आली. आणि दिवस वैशाखाचे. चारही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या. फॉरमॅटने यातली एकही दुरुस्त होत नाही.

आधी निळा पडदा म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. विंडोजच्या अगदी आतल्या भागात असं काही घडलं की पुढे चालू राहिलं तर तुमचा डेटा बिघडेल, तेव्हा विंडोज स्वतःहून थांबतं आणि जाताना कारण लिहून ठेवतं. (विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटपासून हा पडदा काळा झालाय. लोक अजून निळाच म्हणतात, मीही म्हणतो.) म्हणजे तो जबाब असतो. आणि फॉरमॅट मारणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्याच्या आत मिनीडम्प नावाचं फोल्डर असतं, तिथे प्रत्येक वेळच्या थांबण्याची एक छोटी फाइल साठते. तुमच्या पहिल्या पंधरा दिवसांच्या सगळ्या फाइली दोन फॉरमॅटमध्ये गेल्या.

तरीही त्या दोन फॉरमॅटचा एक फायदा झालाच. विंडोज नवं, तरी दोष तसाच, म्हणजे संशय सॉफ्टवेअरवरून हार्डवेअरकडे सरकतो. पूर्ण नाही सरकत. आपल्याकडचे बरेच मेकॅनिक एकाच पेनड्राइव्हमधून विंडोज टाकतात आणि त्यातलंच जुनं ड्रायव्हर पॅक (ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स, साउंड असे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालवतात. मग बिघडलेला ड्रायव्हर असेल तर तोही दोन्ही वेळा परत बसतो. म्हणून तुमच्या मेकॅनिकला एवढं विचारा की ड्रायव्हर कुठून टाकले.

आता मजकुराकडे. तुम्ही तीन लिहिलेत: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, आणि पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. लोक प्रत्येक कोड वेगळा शोधतात आणि प्रत्येकाचे दहा उपाय वाचून गोंधळतात. मी आधी एवढंच बघतो की कोड तोच तो येतोय की बदलतोय. तोच कोड आणि त्याखाली तीच फाइल दर वेळी येत असेल तर बहुधा ड्रायव्हर. कोड सारखा बदलत असेल तर बहुधा रॅम किंवा वीज. कारण साधं आहे. एसटीत एक सीट मोडकं आहे असं समजा. रोज तिथे वेगळा प्रवासी बसतो, रोज वेगळा माणूस तक्रार करतो. रॅममधला एखादा खाना खराब असला की आज तिथे ब्राउझर येतो, उद्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, परवा खुद्द विंडोज. तक्रारी तीन, सीट एकच. तुमचे तिन्ही कोड मेमरीच्या आसपासचे आहेत आणि बदलते आहेत. त्यात दिवाळीत दुसऱ्या कंपनीची जुनी पट्टी टाकलेली. पैज लावायची झाली तर मी रॅमवर लावेन, पण विजेला सोडून देणार नाही.

काहीही उघडण्याआधी टॅलीचा डेटा सांभाळा. इथे एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: रॅमवर संशय असताना त्याच मशीनवर मोठं बॅकअप घेऊ नका. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. खराब खान्यातून गेली तर कॉपी पूर्ण झाल्याचं दिसतं, आत मात्र एखादा आकडा पलटलेला असतो, आणि ते कळतं चार महिन्यांनी, जीएसटी भरायच्या आदल्या रात्री. त्यामुळे हार्डडिस्क किंवा एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि तिथून कॉपी करा. ते जमणार नसेल तर दिवाळीत टाकलेली पट्टी काढून ठेवा, मूळच्या एकाच पट्टीवर मशीन दिवसभर नीट चालतंय का बघा, मग कॉपी करा. आणि आधीच्या चांगल्या बॅकअपवर हे नवं बॅकअप चढवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

दुसरं, ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद करा. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे, तिथली खूण काढली की पडदा थांबून राहतो आणि वाचता येतो. शेजारी एक वही ठेवा. वेळ, काय चालू होतं, कूलर चालू की बंद, वीज की इन्व्हर्टर, एवढ्या चारच नोंदी. चार-पाच दिवसांची वही आली की माझं निम्मं काम झालेलं असतं. एकदा रेल्वे कॉलनीजवळच्या एका घरातलं मशीन तीन जणांनी तपासून सोडलं होतं. दुकानात आणलं की आठ-आठ दिवस चालायचं, घरी नेलं की बंद. वहीत सगळ्या वेळा संध्याकाळी पाचच्या आसपासच्या. पाचला नळाला पाणी यायचं आणि खालच्या घरात मोटर सुरू व्हायची. एसएमपीएस (कॅबिनेटमधला, आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) इतका थकलेला होता की तेवढा झटका त्याला पेलत नव्हता. एसएमपीएस बदलला, मोटरची लाइन वेगळी केली, झालं.

आता रॅम. मशीन बंद, प्लग भिंतीतून काढलेला, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पट्ट्या काढताना कडांना धरा. सोनेरी दातांवर स्वच्छ पांढरं खोडरबर हलक्या हाताने एका दिशेने फिरवा, चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. हाताने दाबायचा छोटा ब्लोअर किंवा कोरडा मऊ ब्रश पुरे. बसवताना टक असा आवाज येईपर्यंत बसवा. नुसत्या एवढ्यानेच बरी झालेली मशीन्स मी मोजायची सोडून दिली. हलवाहलवीनंतर सुरू झालेल्या तक्रारीत तर हे पहिलं.

मग आधी मूळची एकच पट्टी लावून एक दिवस चालवा. नंतर ती काढून दिवाळीतली एकटीच, त्याच स्लॉटमध्ये, आणखी एक दिवस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन बरं झालं, तर कशाने झालं ते कधीच कळत नाही. दोन्ही पट्ट्या एकेकट्या नीट चालत असतील आणि एकत्र लावल्यावरच पडदा येत असेल, तर पट्ट्या खराब नाहीत, त्यांचं एकमेकींशी जमत नाही. वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालतातही, बोर्ड दोघींना कमी वेगाच्या पट्टीच्या हिशेबाने चालवतो. पण त्यात मोकळीक कमी राहते. दिवाळीच्या थंडीत जमलेलं मे महिन्यात मोडतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर बंद करा. बायोस डिफॉल्टवर आणून बघणंही चांगलं, त्याला पैसे पडत नाहीत.

रॅमची चाचणी कशी करायची? विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण ते ढोबळ आहे. ते पास झालं म्हणून रॅम चांगली असं मी धरत नाही. मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक दिसली तरी दोष आहे, एखाद-दुसरी चालते असं काही नसतं. सगळीकडे सल्ला असतो की चाचणी रात्रभर लावा. पुण्या-मुंबईला ठीक असेल. आपल्याकडे मी ती दुपारी एक ते पाच लावतो, पत्रा तापलेला असताना, कूलर बंद ठेवून. रात्री खोली पस्तिशीच्या खाली असताना जी पट्टी स्वच्छ पास होते, तीच दुपारी खोली बेचाळीसवर असताना चुका दाखवते. दोष ज्या हवामानात येतो त्याच हवामानात पकडायचा. आणि चूक सापडली तर लगेच फेकू नका, बऱ्याच कंपन्यांच्या रॅमला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त वॉरंटी असते. जुनी घेतलेली असली तरी पट्टीवरचा सिरियल नंबर तपासून घ्या.

विजेचं थोडं खोलात सांगतो, कारण खान्देशात हे दुर्लक्षून चालत नाही. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर आजच वेगळे करा. कूलरची आणि पंपाची मोटर सुरू-बंद होताना त्या वायरीत व्होल्टेज क्षणभर दबतं आणि उसळतं. चांगला एसएमपीएस ते गिळतो. वर ४५० वॅट छापलेला आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस ते पुढे बोर्डाकडे पाठवतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन मापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट हवेत. दुपारी, संध्याकाळी आणि कूलर सुरू होताना असं तीनदा मोजा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हा आकडा चढतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मोजायचीही गरज नाही, खड्ड्यात पाणी टाका आणि जोडणी बघून घ्या.

एसएमपीएसमधून निघणाऱ्या विजेचंही माप असतं: १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६, पाच व्होल्टवर ४.७५ ते ५.२५. मात्र मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणाचा झटका त्यात दिसत नाही. म्हणून माप बरोबर आलं तरी मी खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून दोन दिवस बघतोच. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं यूपीएस आणि नॉर्मल असं बटण बघा. ते नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला लागणारा वेळ कॉम्प्युटरला जास्त पडतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. निळा पडदा येऊन थांबणं, पडदा न येता झटकन बंद पडणं आणि आहे तिथेच गोठणं, हे तीन वेगळे आजार आहेत. विजेने आणि उष्णतेने बहुतेक वेळा मशीन सरळ बंद पडतं, निळा पडदा दिसतच नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) कर्नल पॉवर ४१ अशी नोंद दिसली की लोक लगेच एसएमपीएसला दोष देतात. पण ती नोंद इतकंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. तिच्या आत बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याच्या कारणाचा आकडा, असतो. तो शून्य असेल तर वीज गेली किंवा मशीन गोठलं, शून्य नसेल तर खरोखर निळा पडदा आला होता. तुमच्या तक्रारीत पडदा येतोच, म्हणून वीज माझ्यासाठी दुसऱ्या नंबरची संशयित.

उष्णतेचंही तसंच. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापतच राहिला तर मशीन बंद करतो. पण उष्णता आधीच कमकुवत असलेल्या रॅमला आणि एसएमपीएसला उघडं पाडते. त्यात आपल्या भागात कापूस. जिनिंगच्या बाजूच्या घरातलं मशीन उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली चक्क नमदा बसलेला असतो. नुसती धूळ फुंकर मारली की उडते. सरकीच्या तंतूंवर कूलरची ओल बसली की ते चिकटतात, ब्रशनेच काढावे लागतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा गरगर फिरून बेअरिंग जातं. तीन वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता वर पोचवणारा लेप) बदलून घ्या, वाटाण्याएवढी पुरे. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. बायका-पोरांना वाटतं मशीनला गारवा मिळतोय. बोअरचं जड पाणी, त्याचे तुषार, वाळल्यावर बोर्डावर पांढरा थर. असे बोर्ड मी पाहिलेत, ते मात्र खरंच बदलावे लागतात. कूलर खोलीत राहू द्या, फक्त कॅबिनेट झोतातून बाजूला आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

डिस्कबद्दल फार लिहीत नाही, तुमचे कोड तिच्याकडे बोट दाखवत नाहीत. कर्नल डेटा इनपेज एरर किंवा क्रिटिकल प्रोसेस डाइड असा मजकूर येऊ लागला तर क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवा. त्यात सीआरसीचा, म्हणजे डेटा येता-जाता झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदला. डिस्क बदलायला सांगितलेल्या कितीतरी जणांचं काम केबलवर भागलंय.

ड्रायव्हरचा संशय आला तर ब्लू स्क्रीन व्ह्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर मिनीडम्पमधल्या फाइली उघडून कोणती फाइल त्या वेळी चालू होती ते दाखवतं. एनव्हीने सुरू होणारी दिसली तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स, आरटीने सुरू होणारी दिसली तर बहुधा रियलटेकचं लॅन, वायफाय किंवा साउंड. विंडोजच्या स्वतःच्या कर्नलचं (सगळ्यात आतल्या भागाचं) नाव दिसलं तर त्याला आरोपी समजू नका, बऱ्याचदा तो फक्त घटनास्थळी हजर असतो. आणि दोन-दोन अँटिव्हायरस नकोत. ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली, विमानतळांपासून दवाखान्यांपर्यंत. ती मशीन्स धडधाकट होती, आतल्या थरात एक चुकीची फाइल पुरली.

मग बोर्ड कधी? खात्रीची, दुसऱ्या मशीनवर चाचणी पास झालेली एकच पट्टी घ्या. ती एका स्लॉटमध्ये चुका देत असेल आणि दुसऱ्यात देत नसेल, तर तो स्लॉट किंवा बोर्ड. दोन्ही स्लॉटमध्ये चुका देत असेल आणि एसएमपीएस बदलूनही देत असेल, तर बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि त्या दोघांत बोर्डाचा संशय जास्त. एवढं दाखवून मेकॅनिक बोर्ड बदला म्हणत असेल तर तो बरोबर आहे, त्याच्याशी वाद घालू नका. नुसतं फॉरमॅटने गेलं नाही म्हणून बोर्ड, हे मात्र मान्य करू नका. आणि एक स्लॉट मेलेला असेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये १६ जीबीची एकच पट्टी टाकूनही मशीन बरीच वर्षं चालतं.

तर तुमच्यापुरतं असं करा: उद्या सकाळी कॉम्प्युटर मधल्या खोलीत परत न्या, तिथल्या आधीच्या विजेच्या बोर्डावर लावा, पट्ट्या साफ करून मूळची एकटीच बसवा. दोन दिवस पडदा आला नाही, तर त्याच जागी दुसरी एकटी लावून दुपारची चाचणी घ्या. आलाच, तर खात्रीचा एसएमपीएस उसना आणा. बहिणी गेल्या असतील तर मधली खोली रिकामी असेल, नसतील तर अजून आठ दिवस हिशेब वहीत लिहा.

पुढच्या वेळी पडदा आला की मोबाइलने फोटो काढा. त्यावर क्यूआर कोड असेल तर तो सर्वसाधारण पानावर नेतो, त्याचा उपयोग नाही. खालची स्टॉप कोडची ओळ आणि तिच्याखाली फाइलचं नाव असेल तर ते स्पष्ट आलं पाहिजे. मेमटेस्टमध्ये चुका आल्या तर कोणती पट्टी, कोणता स्लॉट, दुपारी की रात्री, एवढं लिहून कळवा. एसएमपीएसच्या बाजूचं लेबलही एकदा फोटोत घ्या, त्यावर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते मला बघायचंय.